एक्सेलमध्ये फ्रीझ, झूम, कॉलमची रुंदी सेव्ह करूनही दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं का होतं?

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडच्या एका दूध संस्थेत कॉम्प्युटरवर बसता. मशीनमधून निघालेली संकलनाची फाईल एक्सेलमध्ये उघडता, वरची ओळ फ्रीझ करता (म्हणजे खाली सरकलं तरी ती जागेवर राहते), कॉलम रुंद करता, झूम 130 वर नेता, सेव्ह करता आणि सकाळी उघडावी तर सगळं जैसे थे. एक्सेल काढून परत टाकलं तरी तेच.

परत टाकण्यात तुमची दुपार फुकट गेली. आधी फाईलचं शेपूट बघा, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं. विंडोज ते लपवून ठेवतं, म्हणून फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. मशीनची फाईल म्हणताय, तेव्हा नावाच्या शेवटी सीएसव्ही निघेल असं मी चहाच्या पैजेवर सांगतो.

सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर. नोटपॅडमध्ये उघडलीत की दिसेल: सभासद नंबर, स्वल्पविराम, लिटर, स्वल्पविराम, फॅट, स्वल्पविराम, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). बस्स. रुंदी, रंग, झूम, फ्रीझ, फॉन्ट हे लिहून ठेवायला त्यात जागाच नसते. फॉर्म्युला घातलात तर त्याचं उत्तर तेवढं उरतं, आणि दुसरं शीट जोडलंत तर ते सेव्हच होत नाही, समोर उघडं असेल तेवढंच जातं. एक्सेल वर पिवळी पट्टी दाखवून हे सांगतंही, पण ती वाचतो कोण? मीही कित्येक वर्षं फुली मारून ती घालवत होतो.

माझे डोळे उघडले ते आमच्या गावच्या डेअरीत. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीचे हिशेब बघतो, रविवारी गावी असतो. सेक्रेटरींनी बोलावलं, “बघ की जरा, व्हायरस आलाय काय?” सभासदांची नावं जाऊन तिथं इंग्रजी अक्षरांचा काला झालेला. झालं होतं असं, की जुन्या ऑपरेटरनं नावं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केली होती. त्या फॉन्टांत आत साठते ती इंग्रजी अक्षरंच, मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. आपल्याकडे कन्नड कागद जुन्या नुडीमध्ये करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह झाली, फॉन्ट गळला, आतलं होतं ते बाहेर दिसायला लागलं. कॉलम सिलेक्ट करून तोच फॉन्ट परत लावला आणि नावं जागच्या जागी आली. सेक्रेटरी खूश.

मग मी शहाणपणा केला. ही जुन्या फॉन्टची भानगडच नको म्हणून सगळी नावं युनिकोडमध्ये (यात आत खरी देवनागरी अक्षरंच साठतात) करून घेतली. पुढच्या आठवड्यात कोणीतरी ती यादी पुन्हा साध्या सीएसव्हीत सेव्ह केली आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! ती मात्र परत येत नाहीत, कारण अक्षरंच पुसली गेलेली असतात. एक्सेल 2016 पासून सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ असा वेगळा पर्याय मिळतो, देवनागरी किंवा कन्नड नावं असतील तर तोच घ्यायचा. हे मला त्या यादीच्या नंतर कळलं.

तेव्हा तुमचं फ्रीझ जातंय ही त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट. आकडे तपासा. मशीन सभासद नंबर 0047 असा पाठवतं, डबल क्लिक करून उघडलं की एक्सेल त्याचे 47 करतं, आणि सेव्ह केलंत की फाईलमध्येही 47 च. 12 आकडी आधार नंबर 1.23457E+11 असा दिसतो आणि सीएसव्हीत जसा दिसतो तसाच जातो, मागचे आकडे गेले. बँक खात्याचा नंबर 15 आकड्यांपेक्षा मोठा असेल तर पंधराव्यानंतरच्या आकड्यांचे शून्य होतात. बिलाच्या दिवशी हे सापडलं की कोणाकोणाच्या शिव्या खाव्या लागतात ते तुम्हाला माहीत असेलच.

एकदाच करायचं असेल तर एफ-12 दाबून ‘एक्सेल वर्कबुक’ म्हणून सेव्ह करा, रूप टिकेल. पण तुमच्याकडे रोज नवी फाईल येते, म्हणून मी दुसरा रस्ता सुचवेन. एक कोरी एक्सेल फाईल घ्या. ‘डेटा’ मेनूत ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने मशीनची फाईल आत ओढा, सभासद नंबर आणि खाते नंबराचे कॉलम ‘टेक्स्ट’ करा, म्हणजे सुरुवातीचे शून्य राहतील. मग हवं तसं रंगवा, फ्रीझ करा. रोजची मशीनची फाईल त्याच नावानं त्याच जागी ठेवायची आणि ‘रिफ्रेश’ दाबायचं. मूळ फाईल डबल क्लिक करून कधी उघडायची नाही.

इथंही एक खोड आहे. रिफ्रेश झालं की कॉलमची रुंदी पुन्हा पळते आणि वाटतं, हेही सेव्ह होत नाही. टेबलात क्लिक करून ‘डेटा’मधल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, ‘ॲडजस्ट कॉलम विड्थ’ची टिक काढा. ती आधीपासून लागलेलीच असते. पिव्हट टेबल करत असाल तर त्याच्या ऑप्शन्समध्येही ‘ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट’ अशी हिची सख्खी बहीण बसलेली आहे.

शेपूट एक्सएलएसएक्स (म्हणजे एक्सेलची स्वतःची फाईल) निघालं, तर मी पैज हरलो. मग टास्कबारवर बघा, तीच फाईल दोन खिडक्यांत उघडी आहे काय. ‘न्यू विंडो’नं दुसरी खिडकी उघडली की जुन्या एक्सेलमध्ये तिच्यात फ्रीझ नसतं, आणि पहिली बंद करून दुसरीतून सेव्ह केलं की फाईलमध्ये दुसरीचंच रूप जातं. आधी दुसरी बंद करायची. ग्रिडलाईन (चौकटींच्या फिकट रेषा) तर प्रत्येक शीटची वेगळी असते, एका शीटवर काढली म्हणून बाकीच्यांवरची जात नाही. मेलमधून आलेली फाईल ‘रीड-ओन्ली’ (नुसती वाचण्यापुरती) उघडली असेल तर ती आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर नोटपॅडमध्ये दिसणाऱ्या पहिल्या दोन ओळी खाली टाका, सभासदांची नावं आणि खाते नंबर खोडून.