भाऊ देवळात येत नाही, जाब मला द्यावा लागेल का?

प्रश्न: मावशी, सलाम. मी ऐरोलीला राहते. आईवडील गेल्यापासून धाकट्या भावाला मीच सांभाळलं. तो घणसोलीला नाइट शिफ्टला जातो आणि दोन वर्षं झाली देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, पायरी चढला नाहीये. मी रोज त्याला व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन पाठवते, निळी टिक दिसते पण उत्तर नाही. आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर मला बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकाचा ३३ वा अध्याय वाचून दाखवला, की तू इशारा दिला नाहीस तर त्याच्या रक्ताचा जाब देव तुझ्याकडे मागेल. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

उत्तर: सलाम गं पोरी. आधी तो अध्याय पुढे वाच, ते वडीलधारे आठव्या वचनावर थांबले असणार. नवव्यात म्हटलंय की इशारा देऊनही माणूस वळला नाही तर तो आपल्या पापामुळे मरेल, पण तू आपला जीव वाचवलास. त्याच अध्यायात देवाने संदेष्ट्याला पहारेकरी म्हटलंय, आणि पहारेकऱ्याने तलवार येताना दिसली की रणशिंग फुंकायचं, एकेकाला बखोट धरून आत ओढायचं काम देवाने त्याला दिलेलंच नाही, आणि तू तर दोन वर्षं रोज फुंकतेयस, कान किटले असतील गं त्याचे.

पण जबाबदारीच नाही असं मी म्हणणार नाही. 'मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे?' हे बायबलमध्ये काइनाने विचारलं ते आपल्या भावाचा, हाबेलचा, जीव घेतल्यावर, त्याच्या तोंडचं वाक्य आपण कसं घ्यायचं? गलतीकरांस पत्रात सहाव्या अध्यायात प्रेषित पौल आधी म्हणतो एकमेकांची ओझी वाहा आणि तीनच वचनांनी म्हणतो ज्याने त्याने आपला भार वाहायचा, मला हे कितीतरी वर्षं उलटसुलट वाटायचं, मग कळलं की मूळ ग्रीकमध्ये इथे शब्दच दोन वेगळे आहेत, एक माणसाला वाकवणाऱ्या ओझ्याचा आणि दुसरा ज्याच्या त्याच्या गाठोड्याचा. रात्रभर जागरण, आईवडील नाहीत, दिवसा झोपताना घरात कोणी नाही, हे त्याचं ओझं, तिथे खांदा दे. विश्वास ठेवायचा की नाही हे त्याचं गाठोडं, ते तुला उचलता यायचंच नाही.

आपल्या मराठी मंडळीत तर हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एवढा मोठा कवी, ज्याच्या शब्दांनी कितीतरी लोक प्रभूकडे आले, त्याच्या स्वतःच्या बायकोला पाच वर्षं लागली, आणि ती आली ती तिच्या मनाने आली. मधल्या काळात त्या माणसाला काय वाटलं असेल गं.

आता एक विचारते, रागावू नकोस. तो देवापासून लांब गेलाय की नुसता झोपलेला असतो? उपासना सकाळी असते आणि हा सकाळी शिफ्ट सुटून घरी येऊन आडवा पडतो. तू त्याला हे कधी विचारलंस का? तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही मला. मीही माझ्या भाच्याच्या मागे असंच लागले होते, नंतर कळलं त्याची नोकरी गेली होती आणि देवळात सगळे 'काय करतोस हल्ली' विचारतात म्हणून तो यायचं टाळायचा.

तेव्हा वचनं पाठवणं महिनाभर बंद ठेव, प्रार्थना मात्र अजिबात बंद करू नकोस. त्याच्या सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन त्याच्याकडे जा, झोप कशी होते, जेवतोस काय हे विचार, आणि त्याने विषय काढला तरच देवळाचा विषय. संध्याकाळची उपासना कुठे असते ते पाळकसाहेबांना विचारून ठेव, लागलं तर तयार असू दे.

आणि ते वडीलधारे, मत्तयच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायात प्रभूने चूक एकांतात दाखवायला सांगितलीय, चारचौघांत नाही, हे त्यांना नम्रपणे सांग, आणि पुढच्या वेळी डबा घेऊन जाताना त्यांनाही सोबत चला म्हण.