वाचक विचारतात : लेवीयपाशी गाडी अडते

प्रश्न : ज्ञानेश्वरी नियमित वाचते. बायबल दोनदा हाती घेतले, दोन्ही वेळा त्यातल्या ‘लेवीय’ या पुस्तकात अडकले. कुराणही वाचायचे आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : पहिल्या पानापासून मुळीच करू नका. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट आवृत्तीत 66 पुस्तके, कॅथलिक आवृत्तीत 73. ‘लेवीय’चे 27 अध्याय मुख्यतः यज्ञबली, शुद्धी-अशुद्धी आणि याजकांचे नियम सांगतात, तिथे बहुतेकजण थकतात. आधी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, घ्या. अध्याय 16, रोज दोन वाचले तरी आठ दिवसांत संपते. मग बायबलची पहिली दोन पुस्तके : ‘उत्पत्ती’, आणि ‘निर्गम’ विसाव्या अध्यायापर्यंत, म्हणजे दहा आज्ञा येतील.

कुराणातील 114 सूरा (अध्याय) अवतरणाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. छोट्या पहिल्या सूरेनंतर साधारणपणे मोठ्या आधी, लहान शेवटी. दुसरीतच 286 आयती (वचने) आहेत. नवखा वाचक तिथेच दमतो. म्हणून शेवटच्या छोट्या सूरांपासून मागे या. मग बारावी सूरा, यूसुफ : 111 आयतींत बहुतांशी एकच सलग कथा. तीच कथा उत्पत्तीच्या 37 ते 50 अध्यायांत योसेफाची म्हणून येते (अडतिसावा अध्याय मात्र वेगळ्याच प्रसंगाचा). दोन्ही शेजारी ठेवून वाचा. काय गाळले, काय वाढवले ते वहीत टिपा. एवढ्या एका तुलनेत दोन्ही ग्रंथांचा स्वभाव उमगतो.

तळटिपा असलेलाच अनुवाद निवडा. आणि ज्ञानेश्वरीतला ‘आत्मा’ बायबलमधल्या ‘पवित्र आत्म्या’वर चिकटवू नका, शब्द एक, अर्थ वेगळे.