फौजेतून पेन्शनवर आल्यावर चाळिशीत एलएलबी करून लष्करी वकील होता येतं का?

येतं. मी झालोय. जॅगचा, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या कायदा विभागाचा, नाद मात्र सोडा, तिथे सत्ताविशीच्या आतली, लॉ झालेली पोरं अधिकारी म्हणून जातात. आपल्यासाठी काळा कोट आणि आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेतल्यांच्या नोकरी-पेन्शनच्या तक्रारी ऐकणारं न्यायालय.

पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलंय, "ज्या फौजेचं मीठ खाल्लं तिच्याविरुद्ध उभं राहायला बरं वाटतं का?" खरं तर त्यासाठी लिहायला बसलो.

मी तोफखान्यातला. १९९९ ला कारगिलच्या युद्धात द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होतो. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. मधल्या दिवसांत आमच्या तोफेने किती गोळे टाकले ते मोजायला कुणाला सवड होती? कानात कापूस. रात्री शेजारच्याला उठवायचं तर हाक मारून उपयोग नसे, खांदा हलवावा लागे.

माझ्याच तोफेवरचा एक जण २०१० ला घरी आला. फौजेतून सुटताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने दोन्ही कानांचं मिळून २० टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढे शेरा मारला 'नाना'. हा नाना कोण ते तुम्हाला ठाऊक असेलच: नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड. कान नोकरीमुळे गेला नाही, नोकरीमुळे बिघडलाही नाही. म्हणजे अपंगत्वाची पेन्शनही नाही. मग काय गावच्या जत्रेतल्या फटाक्यांनी गेला?

तो कोर्टात जायला निघाला, तर आमच्या बॅटरीचे, म्हणजे तोफांच्या तुकडीचे, सुभेदारसाहेब म्हणाले, "अरे, सरकारशी भांडायचं नसतं. युनिटचं नाव जाईल." गडी गप्प बसला. आठ वर्षं! मी वकिलीची सनद घेतल्यावरही माझ्याकडे यायला बिचकत होता. शेवटी त्याची बायकोच कागदांची पिशवी घेऊन आली. २०१८ ला ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठात अर्ज लावला.

केस अवघड नव्हती. भरतीच्या वेळी कागदावर दोष लिहिलेला नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सरकारने दाखवायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ ला धरमवीर सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. त्याचा भरतीचा कागद स्वच्छ होता. सुनावणीत एक फजिती झाली. बेंचवरून सांगितलं, "वकीलसाहेब, जरा हळू." माझाही डावा कान गेलाय, आपण ओरडतोय हे कळत नाही.

जिंकलो. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालाप्रमाणे पेन्शनसाठी २० टक्के अपंगत्वाचे ५० टक्के धरले. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीनच वर्षांची, कारण २००८ चा तरसेम सिंग निकाल तसाच आहे. २०१० ते २०१५ चे पैसे बुडाले. ते सुभेदारसाहेबांच्या सल्ल्यात बुडाले, मी स्पष्ट बोलतो.

साहेब पुढे एका लग्नात भेटले. "युनिटवर केस केलीस!" मी म्हटलं, "साहेब, पहिला प्रतिवादी युनियन ऑफ इंडिया असतो, युनिट नाही. आणि सरकारतर्फे उभा राहणाराही वकीलच, त्याला कुणी मिठाचं विचारत नाही." बँड वाजत होता, आम्ही दोघेही तोफेवरचे, नवरीकडची माणसं वळून बघायला लागली. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. साहेबांना मान आहेच, पण या बाबतीत ते चुकले.

तेव्हा मीठ वगैरे मनातून काढा आणि एलएलबी करा. आणि कुणाचा नानाचा कागद पडून असेल तर त्याला आजच अर्ज करायला सांगा, तुमच्या सनदेची वाट बघायला लावू नका. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या पेन्शनचे नवे नियम आलेत, त्यानंतर सुटलेल्यांचं प्रकरण माझ्या मित्राइतकं सोपं नाही. हो, आणि एलएलबीला मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण त्याआधी रीतसर बारावी झालेली हवी. थेट पदवीला प्रवेश घेतला असेल तर सनदेला अडकाल. आमच्या वेळी सीईटी नव्हती, आता आहे. वकिलीसाठी बारची परीक्षाही द्यावी लागते. पहिली तीन-चार वर्षं घर पेन्शनवरच चालतं, हे घरी आधी सांगून ठेवा.