खो देण्याआधी

पोरी,

तुझा निरोप मिळाला. बारावीचं वर्ष, घरचे म्हणतात खो-खो बंद कर. इथपर्यंत समजलं. पण ‘खेळातून मी नेमकं काय शिकले ते मलाच सांगता येत नाही’ हे वाचून रागच आला. पाचवीपासून मैदानावर आहेस आणि सांगता येत नाही?

घरी तू सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण सांगितलंस म्हणे. सांग, हरकत नाही. पण त्यासाठी खेळत होतीस का तू?

आक्रमण करताना, म्हणजे पाठलागावर असताना, तुझे हात किती बांधलेले असतात ते आठव. एका खांबाकडे निघालीस की तो गाठल्याशिवाय उलटं फिरता येत नाही. मध्यपाटी, म्हणजे तुझ्या साथीदार बसतात ती मधली पट्टी, ओलांडता येत नाही. समोर पळणारी मात्र बसलेल्या दोघींच्या मधून हवी तेव्हा पलीकडे निसटते. नुसतं पळून ती सापडायची नाही. तुझ्या हातात एकच गोष्ट उरते: खो कुणाला द्यायचा आणि कधी. घाई केलीस तर ती हूल देऊन मोकळी. उशीर केलास, बसलेलीची आडवी पाटी मागे सुटली आणि मग खो दिलास, तर फाउल. उलट्या दिशेला जावं लागतं आणि तोवर ती दम घेते. हे सगळं अर्ध्या श्वासात ठरवायचं, आणि दिलेला खो परत घेता येत नाही.

ठरवायला शिकलीस तू, बाई! सीईटीच्या प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यातला एक बरोबर असतोच. मैदानावर उत्तरपत्रिका नसते. तिथे ठरवावं लागतं. बसलेल्या आठजणींनाही सुटका नाही: खो मिळण्याआधी उठलं तर फाउल, आणि मिळाल्यावर रेंगाळलं तर पळणारी निसटली.

मलाही बारावीत मैदान सोडायला सांगितलं होतं. सोडलं नाही. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, तो खो-खोपायी, असं काकांनी शेवटपर्यंत ऐकवलं. असेल. गणित मला त्याआधीही येत नव्हतं, ते कुणी धरलं नाही. पण पुढे नोकरीत, घरात, आजारपणात, जिथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले तिथे मी ठरवलं. ते कुठून आलं? खंत एवढीच, की आमच्या त्या मैदानावर आता वर्गखोल्या उभ्या आहेत आणि नंतरच्या पोरांना हे मिळालं नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, महिला आणि पुरुष दोन्ही अंतिम सामने आपण नेपाळविरुद्ध जिंकले. तेव्हाची महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, तिचा फोटो तुझ्या वहीत आहे, ठाऊक आहे मला. तू तिच्याइतकी पुढे जाशील का? बहुधा नाही. म्हणून काय झालं? ठरवायला शिकायला कर्णधार व्हावं लागत नाही.

यंदा स्पर्धा सोड. सराव सोडू नकोस. आठवड्यातून तीन संध्याकाळी ये, पाऊण तास पुरे, आणि पळतीपेक्षा आक्रमणाला जास्त उभी राहा. तिथेच तू अजून घाई करतेस. आईशी बोलावं लागेल. आधी तू बोलणार की मी फोन करू, ते संध्याकाळपर्यंत कळव.

तुझे सर