सेन्सॉरच्या कागदावरची तारीख आधी बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2024 मध्ये गाजलेले चित्रपट 2025 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत नव्हतेच, उलट 2023 च्या चित्रपटांना बक्षिसं मिळाली, हा काय प्रकार? मालिका आणि वेबसिरीजना तिथे जागा का नाही? सोहळा इतका रुक्ष का? आणि मग जाता जाता टाकलेला प्रश्न, की भाच्याने अठरा मिनिटांची शॉर्टफिल्म केली आहे, ती पाठवता येईल का. खरं विचारायचं होतं ते हे शेवटचंच, बाकीचे प्रश्न सोबतीला आलेत असं मला वाटतं. हरकत नाही. रुक्षपणाचा प्रश्न सोडला तर बाकी तिन्हींचं उत्तर एकाच कागदावर आहे.

मी वीसेक वर्षं मराठी चित्रपटांच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे. सबटायटल, सेन्सॉरची कागदपत्रं, महोत्सवांचे आणि पुरस्कारांचे अर्ज, अशी कुणालाच नको असलेली कामं शेवटी माझ्या टेबलावर येतात.

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर काही सेकंद सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. तेव्हा आपण पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतो. राष्ट्रीय पुरस्कारांचं वर्ष त्या कागदावरच्या तारखेवरून ठरतं. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात ज्याला प्रमाणपत्र मिळालं तो त्या वर्षाचा चित्रपट, मग तो थिएटरात कधी का लागेना. 'श्वास' लोकांनी 2004 मध्ये पाहिला, पण त्याचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ 2003 सालचं. 'कासव'ला 2016 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून एप्रिल 2017 मध्ये जाहीर केलं, आणि तो थिएटरात आला त्याच वर्षी ऑक्टोबरात. 'कोर्ट'चंही तसंच, पुरस्कार आधी आणि प्रदर्शन नंतर.

त्यात कोविडने सगळं वेळापत्रक मागे ढकललं. 2020 चे पुरस्कार सप्टेंबर 2022 मध्ये दिले गेले, 2021 चे ऑक्टोबर 2023 मध्ये, 2022 चे ऑक्टोबर 2024 मध्ये. 71 वे पुरस्कार, म्हणजे 2023 सालचे, 1 ऑगस्ट 2025 ला जाहीर झाले आणि 23 सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या हस्ते दिले गेले. 2024 च्या चित्रपटांवर अन्याय झालेला नाही, त्यांची पाळीच आलेली नव्हती.

(पहिल्या वर्षी, म्हणजे 1953 च्या चित्रपटांसाठी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं होतं. 71 व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो सुजय डहाके यांचा नवा 'श्यामची आई'. वर्षं 1953 आणि 2023. यादी वाचताना मी दोनदा खात्री करून घेतली, कुणीतरी जुना कागद चिकटवलाय असं वाटलं.)

या तारखेचा फटका आम्ही स्वतः खाल्ला आहे. कमी बजेटचा चित्रपट, डिसेंबरात सेन्सॉरला द्यायचा, सगळं तयार. एका प्रसंगात धनगराच्या घराबाहेर शेळी बांधलेली आहे. शेळी काही करत नाही, कडेला उभी राहून पाला खाते. पण पडद्यावर प्राणी असला की प्राणी कल्याण मंडळाची परवानगी जोडावी लागते, आणि आमच्या प्रॉडक्शनवाल्याने त्यासाठी अर्जच केलेला नव्हता. "शेळीच तर आहे" म्हणाला. मग शूटिंगच्या दिवसाचे फोटो, पशुवैद्याचा दाखला, मालकाची सही असं सगळं मागाहून गोळा करत बसलो. प्रमाणपत्र हातात पडलं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. चित्रपट पुढच्या वर्षात गेला, आणि त्या वर्षी मराठीत असे तगडे चित्रपट होते की आमचं नाव कुठेच दिसलं नाही. चूक शंभर टक्के आमची. दिग्दर्शक अजूनही मटणाच्या दुकानावरून जाताना माझ्याकडे बघून हसतो.

मालिकांचं उत्तर त्याच कागदात आहे. हे पुरस्कार सेन्सॉर बोर्डाने प्रमाणित केलेल्या चित्रपटांसाठी आहेत. टीव्ही मालिका आणि वेबसिरीज सेन्सॉरकडे जातच नाहीत. टीव्हीला केबल टेलिव्हिजन कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते, ओटीटीला 2021 चे आयटी नियम. प्रमाणपत्र नाही, म्हणून प्रवेशिकाच नाही. उलट एखादा चित्रपट थेट ओटीटीवर आला पण त्याच्याकडे प्रमाणपत्र असलं तर त्याला दार उघडं आहे. 'सूराराई पोट्रू' 2020 मध्ये थिएटरात न लागता थेट ओटीटीवर आला होता, आणि 68 व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

वेबसिरीजसाठी सरकारने 2023 पासून गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वेगळा पुरस्कार ठेवला आहे, पहिला 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला मिळाला. मराठी मालिकांच्या वाट्याला मात्र राष्ट्रीय पातळीवर काहीच नाही, आणि हे मला खटकतं. ब्रिटनच्या बाफ्टाचं बघा, एकच संस्था चित्रपट आणि टीव्ही दोन्हींचा गौरव करते, फक्त 1998 पासून सोहळे वेगळे केलेत. आपल्याकडे रोज एक एपिसोड काढणाऱ्या लोकांच्या कसबाची दखल घ्यायची तर वाहिन्यांचे स्वतःचे सोहळे, आणि तिथे घरचीच मंडळी घरच्याच मंडळींना बक्षिसं देतात.

आता रुक्षपणा. फिल्मफेअरसारख्या कार्यक्रमात नामांकनं असतात, पाकीट उघडतं, कॅमेरा हरलेल्याच्या चेहऱ्यावर जातो. इथे नामांकनं नसतात. आधी प्रादेशिक समित्या चित्रपट बघतात, त्यातले निवडक दिल्लीत केंद्रीय समितीपुढे जातात, तिथे बंद दाराआड चर्चा होते आणि यादी आधीच जाहीर होते. त्यामुळे दिल्लीच्या विज्ञान भवनात, सोहळ्याच्या दिवशी, धक्का बसायला काही शिल्लकच नसतं. तो पदवीदानासारखा समारंभ आहे.

दहाएक वर्षांपूर्वी एका ध्वनिमुद्रक मित्राचा पाहुणा म्हणून मी गेलो होतो. आदल्या दिवशी तालीम. कुठून चढायचं, कुठे थांबायचं, पदक कुठल्या हाताने घ्यायचं, फोटोसाठी किती क्षण उभं राहायचं, कुठून उतरायचं. आयुष्यभर चपलेत वावरलेल्या माझ्या मित्राने नवे बूट घेतले होते आणि ते करकर वाजत होते. तालमीत त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी सभागृहात शांतता असताना तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत जाणार. रात्री हॉटेलवर बसून त्याने तळव्यांना टाल्कम पावडर लावली, सोलखाली तेल चोळलं. ध्वनीसाठी पुरस्कार घ्यायला आलेला माणूस! दुसऱ्या दिवशी मानपत्र वाचलं गेलं, तो चढला, आणि मी टाळ्या वाजवायचं विसरून फक्त बुटांचा आवाज ऐकत होतो. आला नाही. एकूण मंचावर मिनिटभर असेल, पण त्या मिनिटासाठी त्याचे आईवडील गावाहून पहिल्यांदा दिल्लीला आले होते.

म्हणून 2018 मध्ये जे झालं त्याचा लोकांना एवढा राग का आला ते मला कळतं. राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार देतील, बाकीचे मंत्री देतील, हे विजेत्यांना आदल्या दिवशी तालमीच्या वेळी कळलं. पन्नासहून जास्त विजेते 3 मेच्या समारंभाला गेलेच नाहीत. काहींनी म्हटलं, बक्षीस तेच ना, कुणाच्या हातून का मिळेना. पण पैशासाठी कोण जातं तिथे? 70 व्या पुरस्कारांपासून सुवर्णकमळाला तीन लाख आणि रजतकमळाला दोन लाख रुपये आहेत. मोठ्या नटासाठी ही रक्कम काहीच नाही. (आणि हो, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याला सोनं मिळत नाही, त्याला रजतकमळच मिळतं. सुवर्णकमळ सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पदार्पण, बालचित्रपट अशा मोजक्याच विभागांना. लोक दरवेळी यावर पैज हरतात.)

आता भाच्याकडे. अठरा मिनिटांची फिल्म नॉन-फीचर, म्हणजे लघुपट-माहितीपटांच्या विभागात जाते, तिथे तीस मिनिटांपर्यंतच्या लघुपटासाठी वेगळा पुरस्कार आहे. या विभागाला कमी लेखू नका. नागराज मंजुळेंना 65 व्या पुरस्कारांत 'पावसाचा निबंध'साठी याच विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता, तोही 'सैराट'नंतर.

फिल्म आपोआप कुणी बघत नाही. निर्मात्याने प्रवेशिका भरली तरच ती शर्यतीत. दर वर्षी "आमच्या चित्रपटाला डावललं" म्हणणाऱ्यांत एक-दोघे असे निघतात ज्यांनी अर्जच भरलेला नसतो. तेव्हा भाच्याला सांगा, आधी सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर जाऊन प्रमाणपत्राचा अर्ज कर. एजंट लागत नाही, वेळ लागतो. डिसेंबर उजाडायची वाट बघू नकोस. फिल्ममध्ये कुत्रा, बैल, कोंबडी काही दिसतंय का ते फ्रेम थांबवून बघ. गाणं मागे वाजत असेल तर त्याचे हक्क कुणाकडे आहेत ते बघ, चहाच्या टपरीवरच्या रेडिओतलं असलं तरी.

आणि इंग्रजी सबटायटल. ती लागतातच, आणि मराठी फिल्म खरी इथे मार खाते. केंद्रीय समितीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही, त्यांच्यासाठी तळाच्या दोन ओळी म्हणजेच तुमचे संवाद. एकदा माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये आजी नातवाला लाडाने "मेल्या, जेवलास का" म्हणते तिथे खाली लिहिलं होतं "डेड मॅन, डिड यू ईट?" सभागृहात हशा पिकला असता, आणि तो प्रसंग आजीच्या शेवटच्या दिवसाचा होता. दिग्दर्शकाने स्वतः सबटायटल करू नयेत, त्याला सगळं आधीच माहीत असतं. ज्याने फिल्म पाहिलेली नाही आणि ज्याला मराठी येत नाही अशा एका माणसाला बसवा, आवाज बंद करून फक्त ओळी वाचायला लावा, आणि मग गोष्ट काय कळली ते त्याच्याकडून ऐका.

लिंक पाठवलीत तर मी बघेन. पण आधी एक सांगा, त्यात शेळी आहे का?