बी.ए. अर्थशास्त्र तीन वर्षांत पूर्ण करायचं तर अभ्यासाचं नियोजन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की पन्हाळ्याकडून रोज एसटीने कोल्हापूरला कॉलेजला येता, अर्थशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय आहे, तिसरं सेमिस्टर सुरू होतंय आणि संख्याशास्त्राचा एक पेपर मागे राहिलाय. पदवी तीन वर्षांत हातात पडेल का, हा तुमचा प्रश्न.

पडेल. फक्त तो राहिलेला पेपर याच सेमिस्टरला काढा. एटीकेटी लागली की पुढच्या वर्गात बसता येतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की वेळ मिळाला. माझाही संख्याशास्त्राचाच पेपर राहिला होता. शेवटच्या वर्षी निवांत काढू म्हणून मी तो ढकलत नेला. तिसऱ्या वर्षी अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावणारा विषय, आली आणि पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर रिग्रेशनचं समीकरण मांडलं. मला प्रमाण विचलनच (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) धड येत नव्हतं, सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीनं किती बदलतात ते) तर लांबची गोष्ट. एका पेपरचे दोन झाले, पदवीचं गुणपत्रक वेळेत आलं नाही आणि एम.ए.चा प्रवेश वर्षभर लांबला. घरी कुणी बोललं नाही, पण बरोबरीची मुलं विद्यापीठात जाताना बघून फार वाईट वाटायचं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

अर्थशास्त्राचे पेपर एकमेकांवर उभे असतात. सूक्ष्म अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते, कळली नाही की सार्वजनिक वित्तात कराचा भार शेवटी कुणावर पडतो ते कळत नाही. स्थूल अर्थशास्त्र कच्चं राहिलं की आंतरराष्ट्रीय व्यापारात विनिमय दर अडतो. म्हणून सहाही सेमिस्टरचे पेपर एका मोठ्या कागदावर लिहा आणि कोणता कशावर टेकलाय त्याच्या रेघा ओढा. ज्याच्यातून जास्त रेघा निघतील त्याला जास्त तास द्या. मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) निवडताना वेळापत्रक आधी बघा. तुमची शेवटची एसटी चुकवणारा विषय कितीही आवडता असला तरी घेऊ नका.

क्रेडिटचा हिशेब सोपा आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला २० ते २२. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. प्रत्येक निकालानंतर अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे मिळवलेली क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतल्या, तुमच्या खात्यात क्रेडिट जमा झालेत का ते बघत जा. चूक तेव्हाच दुरुस्त करून घेतलेली बरी.

आता पावसाचं. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की आपल्याकडे सगळ्यांचे कान टवकारतात, ४३ ला धोका. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तुमची वाट बंद. २०१९ आणि २०२१ चा महापूर तुम्हीही पाहिला असेलच. त्यामुळे विषम (पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या) सेमिस्टरचे दोन आठवडे गेलेच असं धरून चाला. ग्रंथालयाची पुस्तकं आणि झेरॉक्स जूनअखेरच घरी नेऊन ठेवा, आणि पुराच्या दिवसांत घरी बसून फक्त संख्याशास्त्राची गणितं सोडवा. त्याला वर्ग लागत नाही, वही आणि पेन पुरतं.

फिल्ड प्रोजेक्ट मात्र पावसाळ्यात अंगावर घेऊ नका. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात आणि शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू होतात. परीक्षा संपली की सकाळी तिथे जाऊन उभे राहा. व्यापारी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून रंग बघतात, कण बघतात, आणि मग बोली चढते. मागणी-पुरवठ्याचा आलेख तिथे डोळ्यांसमोर घडतो. वीस दिवसांचे दर आणि आवक वहीत उतरवा, सरासरी आणि प्रमाण विचलन कॅल्क्युलेटरशिवाय काढा, मग आवक आणि दराचा सहसंबंध. हीच वही प्रोजेक्टला उपयोगी पडेल आणि पुढे अर्थमितीलाही.

राहिलेल्या पेपरचा परीक्षा अर्ज बऱ्याचदा वेगळा भरावा लागतो. नियमित अर्ज भरला म्हणजे तोही भरला असं समजू नका. उद्याच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तारीख विचारा.