मतदानाचा टक्का, मतदारयादी आणि त्या दिवशी गावात नसलेली माणसं

ग्रामीण विदर्भातल्या वाचकांनी विचारलेल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं देतो आहे. कोण मत देतं, कोणाचं राहून जातं आणि त्यावरून कोणाचे प्रश्न सभेत बोलले जातात, या एकाच गोष्टीभोवती हे सगळे प्रश्न फिरतात.

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यादीत हजाराच्या आसपास नावं. लोकसभेला मतदान पंचावन्न-छप्पन टक्क्यांवर अडकतं. अधिकारी म्हणतात, गाव उदासीन आहे, जनजागृती करा. पण ग्रामपंचायतीला हेच गाव सकाळपासून रांगा लावते. मग खरं काय?

दादा, तुमची शंका रास्त आहे. टक्का काढताना भागायचं असतं यादीतल्या नावांनी, गावात राहणाऱ्या माणसांनी नव्हे. समजा, हजार नावांपैकी दोनशे जण गावात राहातच नाहीत. उरलेल्या आठशेपैकी ५६० जणांनी मत दिलं, तर हजर असलेल्या गावाचं मतदान ७० टक्के झालं. कागदावर मात्र ५६ टक्केच लागतात आणि गावावर उदासीनतेचा शिक्का बसतो.

हे दोनशे कोण असतात? चाकणला, बुटीबोरीला, सुरतला कामाला गेलेले पोट्टे. वीटभट्टीवर नवरा-बायको जोडीनं गेलेली कुटुंबं. लग्न होऊन सासरी गेलेल्या, पण नाव माहेरच्याच यादीत राहिलेल्या लेकी. आणि गेल्या काही वर्षांत वारलेली, पण यादीतून न काढलेली माणसं. ज्या गावात ओलिताखालचं वावर थोडं, खरीप संपला की काम संपलं, तिथे हा आकडा मोठा असतो. कोरडवाहू शेती आणि मतदानाचा टक्का यांचा संबंध असा थेट आहे.

तारखेचाही हिशोब असतो. मेळघाटातला कोरकू समाज कामासाठी कितीही लांब गेला तरी होळीला घरी येतो. २०२४ ची होळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होती आणि अमरावती मतदारसंघाचं मतदान २६ एप्रिलला. महिनाभर मजुरी बुडवून कोण थांबणार? नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान आलं, तेव्हा पश्चिम विदर्भात कापूस वेचणीला होता, पूर्वेकडे धानाची कापणी-मळणी सुरू होती.

ग्रामपंचायतीला हीच माणसं कशी येतात, हा तुमच्या प्रश्नाचा कळीचा भाग आहे. तिथे उमेदवार भाऊबंद असतो, दोन-चार मतांनी निकाल फिरतो, आणि पुण्याहून आणायला गाडी पाठवली जाते. आपलं मत मोजलं जाणार हे माणसाला ठाऊक असतं. म्हणून मी ‘उदासीन’ हा शब्द या गावांसाठी वापरू नये असं आग्रहानं सांगतो. तुम्ही एक काम करा. मतदारयादी घेऊन अंगणवाडीत किंवा चावडीत बसा, बीएलओला, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला बोलवा आणि घराघरानं नावं वाचा. मयत आणि स्थलांतरित नावांसाठी नमुना ७ आहे, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. मात्र बाहेरगावी कामाला गेला म्हणून कोणाचं नाव परस्पर कापू देऊ नका. तात्पुरतं घर सोडल्यानं माणसाचं रहिवासीपण संपत नाही, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : मी पुण्यात कंपनीत आहे, गाव चिखली तालुक्यात. नाव कुठे ठेवू? आणि दोन्हीकडे असलं तर बिघडतं काय?

दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे, खोटी माहिती दिली तर शिक्षाही आहे. पुण्यातच राहायचं ठरवलं असेल तर नमुना ८ भरून नाव तिकडे न्या. वर्ष-सहा महिन्यांचं काम असेल तर गावातच ठेवा आणि मतदानाला या. त्या दिवशी पगारी सुट्टी देणं कंपनीवर बंधनकारक आहे. १९५१ च्या कायद्याचं कलम १३५ बी रोजंदारी मजुरालाही लागू होतं, ही गोष्ट ठेकेदार कधी सांगत नाहीत. जिथे आहात तिथूनच गावच्या उमेदवाराला मत देता यावं, यासाठी निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस एक यंत्र पुढे आणलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ बसत होते. राजकीय पक्षांचे आक्षेप आले आणि विषय मागे पडला. माझ्या मते विदर्भासाठी तो विषय पुन्हा उघडायलाच हवा.

प्रश्न : आमच्या गोंदिया जिल्ह्यात बाया मतदानात मागे नाहीत. तरी पुढाऱ्यांच्या तोंडी आमचं काय असतं? पंधराशे रुपये, संपलं.

ताई, तुमच्या जिल्ह्याचं लोकसंख्येचं चित्रच वेगळं आहे. २०११ च्या जनगणनेत गोंदियात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. देशातही २०१९ च्या लोकसभेला स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पहिल्यांदा पुरुषांच्या वर गेली आणि २०२४ लाही ती किंचित वरच राहिली. पक्षांनी हे आकडे बरोबर वाचले. जुलै २०२४ मध्ये हेच पंधराशे देणारी लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं.

त्या पंधराशेला मी कमी लेखणार नाही. ज्या बाईच्या हातात मजुरीचा पैसाही नवऱ्याच्या हातून यायचा, तिच्या स्वतःच्या खात्यात रक्कम येणं ही मोठी गोष्ट आहे. पण बायांच्या मागण्या तेवढ्याच नाहीत, हे विदर्भाइतकं कोणी दाखवून दिलेलं नाही. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरातली बंदी बायांच्या मोर्चांनी २०१५ मध्ये आणली आणि सरकारनं २०२१ मध्ये ती उठवली. ज्या मागणीसाठी हजारो बाया रस्त्यावर उतरल्या, ती मागणी सहा वर्षांत मागे पडते, कारण मतदानाच्या दिवशी ती इतर दहा गोष्टींत मिसळते आणि तिची वेगळी मोजणी होत नाही.

वेगळी मोजणी फक्त ‘आडव्या बाटली’च्या, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं का यावरच्या मतदानात होते. गावातलं दुकान बंद करायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीच्या निम्मी! यादीत ५०० बायांची नावं असतील तर २५१ मतं हवीत. त्यातल्या १२० लेकी सासरी गेलेल्या असतील, तर गावात उरलेल्या ३८० मधून २५१ आणाव्या लागतात, म्हणजे जवळपास तीनातल्या दोन. अशा लढाया यादीमुळे हरतात. त्यामुळे बचतगटाच्या बैठकीत आधी यादी दुरुस्त करा, अर्ज नंतर द्या. आणि घरात नवी सून आली की रेशनकार्डासोबत तिचं मतदारयादीतलं नावही आपल्या गावी आणा.

प्रश्न : वडील शेतमजूर, घरी एक गुंठा वावर नाही. प्रचारात सगळे सोयाबीनच्या भावावर बोलतात. आमच्यासारख्यांची मतं कमी आहेत का? (अचलपूर तालुका)

कमी नाहीत, जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांत स्वतःची शेती कसणाऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या अधिक भरली. तरी राजकारणाची भाषा कास्तकाराचीच राहिली. कास्तकाराचं दुखणं खोटं आहे असं मुळीच नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास माल द्यावा लागला, आणि त्याचा फटका पुढच्या मजुरीलाही बसतो. पण सभेला वेळ कोणाला असतो, बाजार समितीत आणि सोसायटीत मत कोणाला असतं, पत्रकार गावात आला की कोणाच्या ओट्यावर बसतो, यावरून विषय ठरतात. शेतमजूर त्या तिन्ही ठिकाणी नसतो.

शिवाय मजूर म्हणून एकत्र मत देण्याची सवय आपल्याकडे रुजली नाही. तोच माणूस कुणबी, तेली, बौद्ध, बंजारा, कोलाम म्हणूनही मतदार असतो. बौद्ध समाजाचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या या समाजानं शिक्षण आणि मतदान दोन्ही जिद्दीनं धरलं. भूमिहीन असूनही त्याचा आवाज राजकारणात ऐकू येतो, कारण त्यामागे संघटना आहे. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, त्यामागेही दुष्काळात रस्त्यावर आलेला मजूर होता. तुमच्या गावात उमेदवार आला तर भावाबद्दल बोलून झाल्यावर, मजुराला वर्षात किती दिवस काम मिळेल आणि घरकुलाची जागा कुठली, एवढे दोन प्रश्न त्याला दहा घरांनी मिळून विचारा. एकट्यानं विचारू नका.

प्रश्न : गडचिरोलीत एवढी भीती, एवढं अंतर, तरी मतदान नागपूरपेक्षा जास्त. हे कसं?

२०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं, नागपुरात सुमारे ५४ टक्के. त्यातही गडचिरोलीच्या मतदारांना वेळ कमी होता. सुरक्षेमुळे तिथे दुपारी तीनलाच मतदान थांबतं आणि कर्मचाऱ्यांना काही केंद्रांवर हेलिकॉप्टरनं न्यावं लागतं.

शिकलेला, शहरी, पैसेवाला माणूस जास्त मत देतो ही समजूत पाश्चात्त्य देशांच्या अभ्यासातून आली. भारतात अनेकदा उलटं दिसतं. ज्याचं रेशन, जातीचा दाखला, वनहक्काचा पट्टा, तेंदूपानाची मजुरी, पोराचं वसतिगृह सगळं सरकारी कागदावर अवलंबून आहे, त्याला मतदान सोडून देणं परवडत नाही. नागपुरातल्या चांगल्या वस्तीतला माणूस खासगी दवाखाना, खासगी शाळा आणि सोसायटीची बोअरवेल यांवर निभावतो, त्याला आमदार वर्षभर लागत नाही. गडचिरोलीत याशिवाय ग्रामसभा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे बांबू विकण्याचा अधिकारही. ज्या गावानं स्वतः एकत्र बसून निर्णय घेतले, ते गाव मतदानाकडेही हक्क म्हणूनच बघतं. आता सूरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीनं कोणाला रोजगार आणि कोणाचं जंगल, हा प्रश्न तिथल्या तरुण आणि म्हाताऱ्या मतदारांना वेगवेगळा दिसतो. पुढच्या निवडणुकांत तिथे वयाचा फरक मोठा ठरेल, असं मला वाटतं.

प्रश्न : विदर्भाच्या जागा घटल्या हे खरं का? पुढे आणखी घटतील का?

घटल्या. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली, ती २००९ च्या निवडणुकांत लागू झाली. विधानसभेत विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या, लोकसभेत ११ च्या १०. त्याच वेळी एकट्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ वर गेल्या. आपला तरुण गाव सोडून जातो, तेव्हा त्याच्यामागे आमदारही जातो. मला ही विदर्भाच्या राजकारणातली सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट वाटते. अनुशेषावर, म्हणजे विदर्भाच्या मागे राहिलेल्या विकासावर, दर अधिवेशनात चर्चा होते, आणि ती चर्चा करणारे हात मात्र चारनं कमी झाले.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ-दिवस धरून होणार आहे, आणि जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या जनगणनेवर करायची असं घटनेत ठरलं आहे. किती जागा जातील हे आज सांगता येणार नाही. पण प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद नीट होतेय का, ते स्वतः पाहा.

जाता जाता, भंडारा जिल्ह्यातल्या एका आजोबांनी पोस्टकार्डावर विचारलेलं : वय ८७, पोरं नागपूरला, केंद्रापर्यंत चालवत नाही, मत घरून देता येतं का?

येतं. ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांग असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला ही सोय आहे. त्यासाठी नमुना १२ डी भरावा लागतो, आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत पोहोचला पाहिजे. बीएलओ फॉर्म घेऊन घरी येतो. न आल्यास १९५० या क्रमांकावर फोन लावायला शेजारच्या पोराला सांगा. फॉर्म दिला की पोचपावती मागून घ्या, आणि एकदा घरून मत द्यायचं ठरलं की मतदानाच्या दिवशी केंद्रावर मत देता येत नाही, हे लक्षात ठेवा.